संगणक आले, संशोधनाचं काय?

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. चौलच्या जुन्या बंदराबद्दल काही वाचत होतो. एका पुस्तकात उल्लेख सापडला की अल-मसऊदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इथे येऊन गेला होता. अरब लोक तेव्हा चौलला सैमूर म्हणत. मूळ अरबी मजकूर इंटरनेटवर मिळाला, पण माझं अरबी कुरआन वाचण्यापुरतं, तेही अर्थ न कळता. म्हणून फोन घेऊन मामेभावाकडे गेलो. तो आलिम आहे. आठ वर्षं मदरशात शिकून आला, आता शेजारच्या गावात इमामत करतो आणि संध्याकाळी मक्तबमध्ये मुलांना शिकवतो.

तरावीहनंतर मशिदीच्या ओट्यावर बसलो. त्याने मजकूर एकदा मनात वाचला आणि थेट आमच्या बोलीत सांगायला लागला. सैमूरमध्ये तेव्हा सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. काही इथेच जन्मलेले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच लग्न करून स्थायिक झालेले. राजा होता 'बल्हरा', म्हणजे आपले राष्ट्रकूट. मुसलमानांच्या कारभारावर राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमला होता. त्या हुद्द्याला 'हुनरमन' म्हणत.

सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाई, हे तर आपलंच आहे."

मी विचारलं, "अरबी अवघड होतं का?"

"छे! आम्हाला याच्यापेक्षा अवघड असतं."

"मग मदरशात हे कुणी दाखवलं नाही?"

"तिथं कधी कुणी विचारलंच नाही, की आपण कोकणात आलो कधी."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे भाषा होती. ती त्याने घाम गाळून कमावली होती. फक्त त्या भाषेला लावायला त्याच्याकडे प्रश्न नव्हता. माझ्याकडे प्रश्न होता, पण भाषा नव्हती. महाराष्ट्रातल्या मुस्लिम तरुणांची आजची अवस्था याहून वेगळी आहे असं मला वाटत नाही.

मदरशांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते ठरावीक चाकोरीतून. सरकार म्हणतं, गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवा. २०१३ मध्ये राज्य सरकारने डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाने मदरसा आधुनिकीकरणाची योजना आणली. २०१५ मध्ये हे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य समजली जातील असं सांगितलं गेलं, त्यावर वादंग झाला. आपल्यातले सुधारणावादी म्हणतात, मदरसे म्हणजे घोकंपट्टी, तिथून काही निघणार नाही. दीनदार मंडळी म्हणतात, मदरसे दीनचे किल्ले आहेत, हात लावू नका. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुलं मदरशात जातात. तरीही आपली निम्मी ताकद या वादात जाते, आणि वाद शेवटी संगणकाच्या खोलीपाशी येऊन थांबतो. आज बऱ्याच मदरशांत ती खोली आहे. निकाह-नामे आणि पावत्या टाइप करायला तिचा उपयोगही होतो.

या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: मदरसा ही प्रश्न विचारायची जागा नाही. एका बाजूला त्याचा राग येतो, दुसऱ्या बाजूला अभिमान वाटतो. पण हे गृहीतकच चुकीचं असेल तर? मला ते चुकीचं वाटू लागलं ते एका लहानशा मदरशाची गोष्ट वाचल्यावर.

सराय मीरची गोष्ट

उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यात सराय मीर हा छोटा कसबा आहे. मुंबईत या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना काय आठवतं ते सांगायला नको. २००८ नंतर तर वाहिन्यांनी अख्ख्या जिल्ह्यालाच एक नवं, वाईट नाव देऊन टाकलं. तिथल्या पोरांना मुंबईत भाड्याने खोली मिळणं मुश्कील झालं. त्याच सराय मीरमध्ये १९०८ च्या सुमारास गावच्या लोकांनी वर्गणीतून मदरसतुल इस्लाह सुरू केला. देवबंदसारखं नाव नाही, लखनौच्या नदव्यासारखा थाट नाही. आसपासच्या खेड्यांतल्या मुलांसाठी काढलेला मदरसा.

या मदरशाला दिशा दिली ती दोन मामे-आते भावांनी. एक अल्लामा शिबली नोमानी, दुसरे मौलाना हमीदुद्दीन फराही. शिबलींनी फराहींना लिहिलेल्या एका पत्रात चक्क 'गुरुकुल' हा शब्द आहे. हा मदरसा गुरुकुलासारखा व्हावा, राहणी साधी असावी, थोडक्यात समाधान मानून दीनची सेवा करावी, असं ते सुचवतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मौलानांना शेजाऱ्याकडचं चांगलं घ्यायला संकोच वाटला नाही, हे आज लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फराही (१८६३ ते १९३०) हा विलक्षण माणूस होता. आधी जुन्या पद्धतीने अरबी-फारसी शिकले, मग अलीगढला जाऊन इंग्रजी शिकले, बी.ए. झाले. कराचीत शिकवलं, अलीगढ आणि अलाहाबादला शिकवलं, हैदराबादच्या दारुल उलूमचे प्राचार्य झाले. अलीगढला जोसेफ होरोवित्स नावाचे जर्मन ज्यू प्राध्यापक अरबी शिकवायला आले होते. त्यांच्याकडून फराही हिब्रू शिकले. का? तर तौरात अनुवादातून वाचायची नव्हती, मुळातून वाचायची होती. पुढे हजरत इब्राहीम यांनी कुर्बानीसाठी नेलेला मुलगा इस्माईल की इसहाक, या जुन्या वादावर त्यांनी अरबीत पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नुसते आपल्याकडचे दाखले दिले नाहीत. समोरच्याच्या ग्रंथात शिरून, त्याच ग्रंथाच्या आधाराने आपली बाजू मांडली.

१९१९ मध्ये हैदराबादची मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते गावाकडे परतले आणि उरलेली वर्षं या मदरशाला दिली. तेव्हा युरोपातले बरेच अभ्यासक म्हणत की कुरआनात सुसंगती नाही, विषय तुटक येतात. आपल्याकडे यावर एक तर चिडायची पद्धत, नाही तर दुर्लक्ष करायची. फराहींनी तो आक्षेप संशोधनाचा प्रश्न म्हणून घेतला. प्रत्येक सूरहला एक मध्यवर्ती विषय असतो, आयतींमध्ये आणि सूरहांमध्येही एक क्रम, एक वीण असते, ती शोधता येते, असं त्यांनी मांडलं. या विणीला ते 'नज्म' म्हणत. ती शोधायला त्यांनी साधनं कोणती घेतली? इस्लामपूर्व अरबांची कविता, शब्दांचे जुने अर्थ, अलंकारशास्त्र, आणि शेजारच्या धर्मांचे ग्रंथ. कुरआनातल्या शपथांवर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. कुरआनातल्या शब्दांवरचं त्यांचं पुस्तक त्याच मदरशातून शिकलेल्या एका अभ्यासकाने संपादित केलं आणि ते २००२ मध्ये बैरूतहून निघालं. याच माणसाने मुलांसाठी अरबी व्याकरणाची सोपी उर्दू पुस्तकं लिहिली, आणि हजरत सुलेमान यांच्या नीतिवचनांचा फारसी पद्यात अनुवादही केला.

मदरशात शिकवण्याची पद्धतही निराळी होती. जुन्या तर्कशास्त्राचं आणि ग्रीक तत्त्वज्ञानाचं ओझं कमी केलं. कुरआन मध्यभागी आणला, आणि तो कुणाच्या तरी तफसीरच्या आडून न शिकवता थेट शिकवायचं ठरवलं. इंग्रजीला जागा दिली. फिकहमध्ये एकाच मसलकचा आग्रह धरला नाही. तिथे इब्न रुश्दचा 'बिदायतुल मुज्तहिद' शिकवला जातो. त्या ग्रंथात एकेका प्रश्नावर वेगवेगळ्या इमामांनी काय म्हटलं आणि त्यांच्यात मतभेद का झाले हे मांडलेलं आहे. जरा विचार करा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तुम्ही फक्त निर्णय शिकवलात तर तो निर्णय पाठ करेल. मतभेद कसा झाला हे शिकवलंत तर तो विचार करायला लागेल.

एकाच वर्गातून निघालेले मतभेद

आता या छोट्या मदरशातून काय काय निघालं ते पाहा. फराहींचे शिष्य अमीन अहसन इस्लाही (१९०४ ते १९९७) आधी वर्तमानपत्रात काम करत होते. १९२५ मध्ये फराहींच्या सांगण्यावरून ते परत मदरशात आले आणि गुरूच्या निधनापर्यंत त्यांच्यापाशी बसून शिकले. पुढे मदरशातून 'अल-इस्लाह' हे मासिक काढलं. ते जमाते इस्लामीच्या सुरुवातीच्या नेत्यांपैकी एक, पण मौदूदींशी मतभेद झाल्यावर १९५८ मध्ये बाहेर पडले. मग पाकिस्तानात २२ वर्षं खपून त्यांनी 'तदब्बुरे कुरआन' हे भाष्य पूर्ण केलं. व्यभिचाराला दगडाने ठेचून मारण्याची शिक्षा या विषयावर त्यांनी रूढ मताविरुद्ध भूमिका घेतली. कुरआनात सांगितलेली फटक्यांची शिक्षा विवाहित आणि अविवाहित दोघांनाही लागू आहे, असं त्यांचं म्हणणं. यावरून त्यांना खूप टीका सोसावी लागली. त्यांच्या आणि फराहींच्या 'नज्म'च्या विचारावर मुस्तनसिर मीर यांचं इंग्रजी पुस्तक १९८६ मध्ये अमेरिकेत निघालं. सराय मीरच्या चटईवर सुरू झालेली चर्चा अशी परदेशी विद्यापीठांत पोहोचली.

याच मदरशातून मौलाना अबुल लैस इस्लाही नदवी निघाले, स्वातंत्र्यानंतरच्या जमाते इस्लामी हिंदचे पहिले अमीर. याच मदरशातून सदरुद्दीन इस्लाही निघाले, त्याच जमातचे प्रमुख लेखक. आणि याच मदरशातून १९४४ मध्ये शिक्षण पूर्ण करून मौलाना वहीदुद्दीन खान निघाले. तेही बरीच वर्षं जमातमध्ये होते. मग बाहेर पडून १९६३ मध्ये त्यांनी 'ताबीर की गलती' हे पुस्तक लिहिलं. दीनचा राजकीय अर्थ लावण्यात मूलभूत चूक झाली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जमातच्या नेत्यांशी झालेला पत्रव्यवहारही त्यांनी त्यात छापला, म्हणजे वाचकाला दोन्ही बाजू पाहता याव्यात. डिसेंबर १९९२ नंतर याच वहीदुद्दीन खानांनी जैन आणि हिंदू साधूंना सोबत घेऊन मुंबई ते नागपूर शांतियात्रा केली. बाबरीच्या प्रश्नावर त्यांनी जी तडजोड सुचवली ती मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण ती त्यांनी विचार करून मांडली होती, आणि समाजाच्या रागाची पर्वा न करता मांडली होती.

एक संघटना उभारणारे आणि तिच्यावर सर्वांत खोल टीका करणारे एकाच छोट्या मदरशात शिकले, एकाच पद्धतीने कुरआन वाचायला शिकले. मला या मदरशाचं कौतुक वाटतं ते याच कारणाने. त्यातल्या कुणाचं मत मला पटतं, हा प्रश्न वेगळा. ज्या संस्थेतून सगळे एकाच साच्याचे बाहेर पडतात तिथे शिस्त चांगली असू शकते, पण संशोधन होत असण्याची शक्यता कमी.

आझमगड ते मुंबई-पुणे

सराय मीर हे एकटं बेट नव्हतं. आझमगड शहरात शिबलींनी आपला बंगला आणि बाग देऊन दारुल मुसन्निफीनची, म्हणजे लेखक घडवणाऱ्या अकादमीची, कल्पना मांडली. नोव्हेंबर १९१४ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे शिष्य सय्यद सुलेमान नदवी आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात, फारसी शिकवत होते. नोकरी सोडून ते आझमगडला गेले आणि अकादमी उभी राहिली. तिचं 'मआरिफ' हे मासिक १९१६ पासून निघतं. सराय मीरच्या मदरशातून शिकलेले मौलाना जियाउद्दीन इस्लाही पुढे याच अकादमीचे प्रमुख आणि 'मआरिफ'चे संपादक झाले.

सुलेमान नदवींनी नुसती सीरत लिहिली नाही. त्यांनी अरब आणि हिंदुस्थानच्या संबंधांवर, अरबांच्या नौकानयनावर, उमर खय्यामवर पुस्तकं लिहिली. नौकानयनावरची व्याख्यानं तर त्यांनी १९३१ मध्ये मुंबईत दिली होती. माझ्या भावाने ओट्यावर वाचलेला सैमूरचा मजकूर त्यांच्या अरब-हिंद संबंधांवरच्या पुस्तकात उर्दूत आहे. नव्वद वर्षांहून अधिक काळ आहे. आमच्या गावात तो पोहोचला नाही, इतकंच.

आणखी एक नाव. आझमगडजवळ मुबारकपूर हा विणकरांचा कसबा. तिथल्या छोट्या मदरशात शिकलेले काझी अतहर मुबारकपुरी (१९१६ ते १९९६) नंतर कित्येक वर्षं मुंबईत राहिले. 'इन्किलाब' दैनिकात स्तंभ लिहायचे. त्यातून वेळ काढून त्यांनी सिंध आणि हिंदमधल्या विद्वानांची चरित्रं सांगणारा 'रिजालुस्सिंद वलहिंद' हा अरबी ग्रंथ लिहिला. तो १९५८ मध्ये मुंबईतच छापला गेला. प्रेषितांच्या काळातल्या अरब-हिंद संबंधांवर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं, मुस्लिम स्त्रियांनी विद्येसाठी केलेल्या कामावर वेगळं. ना विद्यापीठाची खुर्ची, ना शिष्यवृत्ती. आपल्याच शहरात बसून त्यांनी आपल्याच किनाऱ्याचा इतिहास शोधला, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं आहे? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. मी ते पहिल्यांदा वयाच्या पस्तिशीत ऐकलं.

कमी काय पडलं

आता दुसरी बाजू. या साऱ्याला सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. सराय मीरच्या या वर्गांत मुली नव्हत्या. ज्या जिल्ह्यात विणकर, शेतमजूर, छोटे कारागीर एवढे, तिथे जात, मजुरी, कर्ज यांच्यावर असं संशोधन मला तरी फारसं दिसलं नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांना दार किलकिलंच राहिलं. फराहींचं बरंचसं लेखन अरबीत होतं आणि त्यांच्या हयातीत छापलंही गेलं नव्हतं. ते सामान्य मुसलमानापर्यंत पोहोचलं नाही. आणि ज्याने शंका विचारली त्याला पुढे मदरशांच्याच जगात फारशी जागा राहिली नाही. आज अनेक मदरशांच्या अभ्यासक्रमात 'नज्म'चा साधा उल्लेखही सापडत नाही.

आपल्या चळवळीतल्या मित्रांचा आक्षेप मला माहीत आहे. ते म्हणतील, हे सगळं धर्मग्रंथाचंच संशोधन. नोकऱ्या, घरं, दंगली, तलाक, यात त्याचा काय उपयोग? यावर मी २२ ऑगस्ट २०१७ चा दिवस आठवायला सांगतो. शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तिहेरी तलाकवर निकाल दिला. त्यात संविधान होतं, तशीच कुरआनातल्या आयतींची आणि हदीसची चर्चाही होती. त्या दिवसांत वाहिन्यांवर बसून मूळ अरबी शब्दाचा अर्थ सांगणारे आपल्या बाजूचे किती लोक होते? आपण अनुवादाच्या अनुवादावर बोलत होतो आणि समोरचे मौलाना सहज म्हणत होते, तुम्हाला अरबी येत नाही. ते खरंच होतं. आपल्या बहिणींच्या हक्कांसाठी लढायचं असेल तर ग्रंथ वाचणारी माणसं आपल्यात हवीत. इस्लाहींनी दगडाने ठेचण्याच्या शिक्षेवर प्रश्न उभा केला तो ग्रंथ बाजूला सारून नाही, त्यात शिरून. म्हणूनच तो सहज झटकून टाकता आला नाही.

उलमांचाही आक्षेप आहे: संशोधनाने फितना होतो, लोक गोंधळतात. त्यांना अदबीने विचारावंसं वाटतं, फराही हिब्रू शिकले तेव्हा त्यांचा ईमान कमकुवत झाला का? गोंधळ प्रश्नामुळे वाढतो, की प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प बसवल्यामुळे? गप्प बसवलेलं पोर आज यूट्यूबवर जातं, आणि तिथे त्याला कोण भेटतं हे आपण सगळे पाहतो आहोत.

आपण काय करायचं

महाराष्ट्रात सराय मीर उभं करायला फार पैसा लागत नाही. तेही वर्गणीवरच उभं राहिलं होतं. काही गोष्टी आजपासून करता येतील.

मदरशाच्या व्यवस्थापनाकडे आपण नवी मागणी करू या. आलिम होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षात वीस पानांचा एक निबंध लिहावा. विषय त्याने स्वतः निवडावा, शक्यतो त्याच्या गावचा. मशिदीवरचा शिलालेख, दर्ग्याची सनद, वक्फचे जुने कागद, गावातल्या आडनावांचा उगम, मच्छीमार मुसलमानांची बोली, यातलं काहीही. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. त्यात किती चुका झाल्या हे नंतर बघू, आधी लिहायची सवय तर लागू दे.

दुसरी गोष्ट, माणसं जोडायची. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूट काळातला एक संस्कृत ताम्रपट आहे, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्यात संजाणच्या मुलखावर राष्ट्रकूटांनी नेमलेला 'ताजिक', म्हणजे अरब, अधिकारी येतो. त्याच्या मुहम्मद या नावाचं संस्कृतात 'मधुमती' झालं आहे. त्याने लोकांसाठी फुकट होडी ठेवली आणि अन्नछत्र घातलं असं तो ताम्रपट सांगतो. देवीच्या मठासाठी जमीन द्यायलाही त्याची संमती होती. मसऊदी सैमूरला येऊन गेला त्यानंतर अवघ्या दहा वर्षांचा हा लेख. एक साक्ष अरबीत, दुसरी संस्कृतात, आणि दोन्ही एकाच किनाऱ्याच्या, एकाच राजवटीच्या. या दोन्ही साक्षी शेजारी ठेवून मुळातून वाचणारा मराठी मुसलमान मला अजून भेटायचा आहे. एकट्याला ते जमणारही नाही. पण एक आलिम, एक संस्कृत किंवा इतिहास शिकणारा, एक मोडी वाचणारा, असे तिघे महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसले तर जमेल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात फारसी कागद आहेत. मदरशात शिकलेल्या मुलांना फारसी-उर्दू हस्तलिखितं वाचायला इतरांपेक्षा कमी कष्ट पडतात. आपल्याविरुद्ध रोज इतिहास वापरला जातो आणि आपण त्यावर फक्त निषेधाची पत्रकं काढतो. कागद वाचणारी दहा मुलं तयार झाली तर त्यांचं एक पान आपल्या शंभर पत्रकांपेक्षा भारी पडेल.

तिसरी गोष्ट मुलींची. आलिमा कोर्स करणाऱ्या मुली आज आपल्या अनेक गावांत दिसतात. त्यांना शिकवताना स्त्रीचं कर्तव्य पुष्कळ सांगितलं जातं, स्त्रीची विद्वत्ता कमी. नदव्यात शिकलेले, मूळचे आझमगडशेजारच्या जौनपूरचे मोहम्मद अक्रम नदवी यांनी हदीस शिकवणाऱ्या सुमारे १०,००० स्त्रियांच्या नोंदी गोळा केल्या. २०२१ मध्ये त्या ४३ खंडांत छापल्या गेल्या. मशिदींत बसून पुरुषांना हदीस शिकवणाऱ्या स्त्रिया आपल्या इतिहासात होत्या. ही गोष्ट प्रत्येक आलिमा विद्यार्थिनीला पहिल्या वर्षी कळली, तर ती पुढच्या वर्षी काय विचारेल याची मला उत्सुकता आहे. मशिदीत आम्हाला जागा का नाही, इथपासून ती सुरुवात करेल, आणि तिला उत्तर किताबातूनच द्यावं लागेल.

चौथी गोष्ट पैशाची. मशिदीच्या फरशीवर संगमरवर घालायला आपण एका जुम्याला वर्गणी जमवतो. तेवढ्यात एका आलिमला वर्षभर दरमहा थोडं मानधन देऊन एखाद्या विषयावर काम करायला सांगता येईल. इमामाच्या तुटपुंज्या पगारात तो किताब विकत घेऊ शकत नाही, आणि वाचनालय त्याच्या गावात नाही. आपल्या तालुक्यात पन्नास पुस्तकांचं कपाट एखाद्या मशिदीत ठेवायला कुणाची परवानगी लागते?

आणि शेवटची गोष्ट माझी आणि तुमची. मदरशात न गेलेले आपण अरबी का शिकत नाही? जर्मन शिकतो, कोरियन शिकतो, नोकरीसाठी आखाती अरबीही शिकतो. फराही बी.ए. होऊन हिब्रू शिकायला बसले होते. आपल्याला निदान आपल्याच किताबाची भाषा शिकायला काय हरकत आहे? मदरसा बदलला पाहिजे असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या दाराबाहेर उभं राहून म्हणतो. आत जाऊन बसायची आपली तयारी नसेल, तर आतल्यांनी आपलं का ऐकावं?

मामेभावाने आणि मी गेल्या वर्षीपासून सुरुवात केली आहे. दर रविवारी असरनंतर तो मला अरबी शिकवतो, मी त्याला मराठीतलं कोकणच्या इतिहासावरचं जे मिळेल ते वाचून दाखवतो. माझी प्रगती बेताचीच आहे. त्याचे विद्यार्थी मला हसतात. पण मागच्या महिन्यात त्याच्या मक्तबमधल्या अकरा वर्षांच्या एका मुलीने त्याला विचारलं, "हजरत, आपल्या मशिदीच्या दरवाजावर जे कोरलंय ते कुणी लिहिलं?"

त्याला माहीत नव्हतं. पण यावेळी त्याने तिला गप्प बसवलं नाही. रविवारी शिडी आणि ब्रश घेऊन आम्ही तिघं दरवाजाशी गेलो. वरचा चुना खरवडून निघतो आहे. पहिल्या ओळीतलं एक साल दिसायला लागलं आहे.